अग्नी, मणी आणि कोडीनची गोळी

औषधाची शक्ती नेमकी कुठे असते, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो. मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे. मराठी बोलण्यात त्याची तीन उत्तरे एकत्र नांदतात. ‘या औषधाचा गुण येतो’ असे म्हणताना गुण औषधाच्या नावावर चढतो. ‘अमक्या डॉक्टरांचा हातगुण चांगला’ म्हणताना तोच गुण देणाऱ्याच्या हाती जातो. ‘ते औषध मानवत नाही’ म्हणताना सगळा निवाडा घेणाऱ्याच्या शरीरावर सोपवलेला असतो. क्रियापदही लक्षात घेण्याजोगे आहे. आजाऱ्याच्या बोलण्यात गुण ‘येतो’, आणि जे येते ते वाटेत अडूही शकते.

ही अडवणूक उघड पाहायला मिळते अशा जागांपैकी एक म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीचे औषध आणि अफूच्या वर्गातले वेदनाशामक यांची एकाच शरीरात पडणारी गाठ. विषय उतारवयातल्या पुरुषांच्या रोजच्या गोळ्यांचा आहे. पण कारण कशाला म्हणावे, शक्ती नावाची वेगळी वस्तू असते का, आणि दुसऱ्याची वेदना कळते कशी, हे तीन जुने वाद त्यात जसेच्या तसे उभे राहतात.

शक्तीच्या प्रश्नाची सर्वांत गाजलेली थट्टा अफूवरूनच झाली. मोलिएरच्या १६७३ सालच्या शेवटच्या नाटकात, आजाराची कल्पना करून घेणाऱ्या नायकालाच डॉक्टर बनवण्याचा लुटुपुटीचा समारंभ आहे. मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये परीक्षक विचारतात, अफूने झोप का येते? उमेदवार उत्तर देतो की अफूत झोप आणणारी शक्ती असते म्हणून. परीक्षक खूश होतात आणि उमेदवार उत्तीर्ण होतो. प्रश्नच उत्तराच्या वेषात परत आला, हे प्रेक्षकाला कळते आणि विद्वानांना कळत नाही, यातच विनोद आहे. दोन शतकांनी, १८८६ मध्ये, नीत्शेने हाच विनोद कांटवर उलटवला. (मोलिएर स्वतः खरोखरीचा आजारी होता, या नाटकाच्या चौथ्या प्रयोगानंतर काही तासांतच तो वारला.)

हसण्यापूर्वी थोडे थांबायला हवे, कारण चरकसंहितेतही असेच एक उत्तर आहे आणि ते बावळट नाही. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात द्रव्याचे कार्य रस (चव), वीर्य (उष्ण-शीत जोर) आणि विपाक (पचनानंतरचा परिणाम) यांच्या आधारे समजावले आहे. मग एक अडचण येते. चित्रक आणि दंती या दोन्ही वनस्पती रसाने तिखट, वीर्याने उष्ण आणि विपाकानेही तिखटच. तरीही दंतीने रेच होतो, चित्रकाने होत नाही. हिशेबात न बसणाऱ्या या उरलेल्या भागाला चरक ‘प्रभाव’ म्हणतात आणि तो अचिंत्य आहे असे सांगतात. मोलिएरचा उमेदवार शब्द फेकून प्रश्न मिटवतो. चरकांचा शब्द मात्र स्पष्टीकरण कुठे संपले याची खूण करून ठेवतो. अज्ञानाच्या जागी पाटी लावणे आणि अज्ञानावर पांघरूण घालणे यांतला हा फरक आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा विसरला गेला आहे.

जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस ही पाटी काढून टाकता येईल अशी आशा धरली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: घड्याळजीला घड्याळाची चाके दिसतात, तसे रेवाचिनी, हेमलॉक, अफू आणि माणूस यांचे सूक्ष्म कण आपल्याला दिसले असते, तर रेवाचिनीने रेच होईल, हेमलॉकने मरण येईल आणि अफूने झोप लागेल, हे आधीच सांगता आले असते. यादीतला चौथा शब्द महत्त्वाचा आहे. लॉकने अफूबरोबर माणूसही मोजला. ज्या अफूला कोणी खात नाही तिच्यात झोप आणण्याची शक्ती आहे म्हणणे, हे कुलुपाशिवाय किल्लीला ‘उघडणारी’ म्हणण्यासारखे आहे. त्या कुलुपाचा ठावठिकाणा १९७३ मध्ये कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत दाखवला. अफूची द्रव्ये जिथे जाऊन बसतात ते ग्राही त्यांना सापडले. दोन वर्षांनी ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना शरीर स्वतःच तयार करत असलेली अफूसदृश द्रव्ये मिळाली. म्हणजे झोप आणणारी शक्ती निम्मी तरी झोपणाऱ्याची निघाली.

लॉकच्या यादीत पाचवा शब्द नव्हता, तो म्हणजे दुसरे औषध.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिची दोन दुखणी प्रमुख. वयाबरोबर ती साधी वाढते आणि लघवीची वाट आवळते. किंवा तिच्यात कर्करोग होतो. कर्करोग पसरला तर त्याचा ओढा हाडांकडे असतो. मणका, कंबर, बरगड्या दुखू लागतात आणि ते दुखणे साध्या गोळ्यांना जुमानत नाही. तेव्हा कोडीन, ट्रॅमाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल ही अफूच्या वर्गातली औषधे द्यावी लागतात. दुसरीकडे रोगावरचे उपचारही चालूच असतात. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. म्हणून ॲबिराटेरोन हे औषध त्या संप्रेरकाची निर्मिती तोडते, तर एन्झालुटामाइड त्याला पेशीत बसायची जागाच मिळू देत नाही. पहिले अमेरिकेत २०११ मध्ये आणि दुसरे २०१२ मध्ये मंजूर झाले. आज दोन्ही भारतात नेहमीच्या वापरात आहेत.

यातली पहिली गाठ कोडीन आणि ॲबिराटेरोनची. रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये अफूतून कोडीन वेगळे काढले. पण कोडीन स्वतः दुर्बळ आहे. मेंदूतल्या ग्राहीला ते नीट चिकटत नाही. यकृतातले सीवायपी२डी६ नावाचे विकर (एन्झाइम) त्यातल्या थोड्या भागाचे, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, मॉर्फिन करते आणि वेदना मुख्यतः त्या मॉर्फिनने शमते. शार्ङ्गधरसंहितेत अफूला ‘व्यवायी’ म्हटले आहे. आधी सगळ्या देहात पसरायचे आणि मग पचायचे, असे ते द्रव्य. कोडीनचे उलटे आहे. ते आधी पचते आणि मग कामाला येते. ॲबिराटेरोन नेमके हेच विकर दाबून टाकते. कोडीन पोटात जाते, रक्तात येते, पण त्याचे मॉर्फिन होणे मंदावते. गोळी तीच आणि मात्राही तीच असूनही दुखणे राहते. ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक कार्यातही याच विकराचा मोठा वाटा असल्याने त्याचीही हीच गत होऊ शकते.

अशा वेळी तत्त्वज्ञानाचा प्रश्न सरळ विचारता येतो. कोडीनची शक्ती ॲबिराटेरोनने नष्ट केली, की शक्ती होती तशीच राहून तिचे कार्य अडले, की शक्ती नावाची गोष्टच मुळात नव्हती?

भारतीय दर्शनांत हा वाद जवळजवळ याच शब्दांत झालेला आहे. उदाहरण मात्र अग्नीचे आहे. अग्नी जाळतो. पण त्याच्याजवळ एक विशिष्ट मणी ठेवला किंवा एखादा मंत्र म्हटला, तर अग्नी समोर धडधडत असूनही तळहात भाजत नाही, असे त्या काळी मानत. मण्यावर विश्वास ठेवण्याची आज गरज नाही. युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. मीमांसक म्हणतात, अग्नीचे रूप, उष्णता, ज्वाळा सगळे तसेच आहे, तरी दाह होत नाही. ज्या अर्थी दिसणारे काहीच बदललेले नाही, त्या अर्थी न दिसणारे काहीतरी बदलले आहे. तीच दाहशक्ती. मणी जवळ आला की ती नाहीशी होते, मणी उचलला की पुन्हा उपजते. प्रभाकरांच्या मीमांसेत तर शक्ती हा द्रव्य, गुण यांच्यासारखा स्वतंत्र पदार्थच मानलेला आहे.

नैयायिकांना ही भर मान्य नाही. त्यांचे उत्तर काटकसरीचे आहे. कार्य एकट्या अग्नीने होत नाही, ते कारणसामग्रीने होते. अग्नी हवा, इंधन हवे, त्यांचा संयोग हवा, आणि अडवणारे काही नको. हे जे ‘नको’ आहे, तो प्रतिबंधकाचा अभाव, तोही सामग्रीचा एक घटक. मणी आला की अग्नीतून काही निघून जात नाही. सामग्री अपुरी पडते, एवढेच. अभाव कारण कसा होईल, असा आक्षेप येणार हे उघड होते. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत त्याला उत्तर दिले. ज्याच्या असण्याने कार्य होते आणि नसण्याने होत नाही ते कारण, हीच कारणाची कसोटी असेल, तर ती भावाला जशी लागू होते तशीच अभावालाही. अभाव कार्य होऊ शकतो, फुटलेल्या घड्याचा ध्वंस हे कार्यच आहे, मग तो कारण का नसावा?

वाद इथे थांबला नाही. मणी जवळ असतानाही दुसरा एक ‘उत्तेजक’ मणी आणून ठेवला तर अग्नी पुन्हा जाळतो, असे मानले जाई. मग निव्वळ मण्याचा अभाव हे कारण राहत नाही, कारण मणी आहे आणि दाहही होतो आहे. नैयायिकांनी आपले सूत्र दुरुस्त केले. नुसता मणी प्रतिबंधक नाही, उत्तेजक नसतानाचा मणी प्रतिबंधक आहे, आणि कारण आहे ते अशा मण्याचा अभाव. सतराव्या शतकातल्या सिद्धान्तमुक्तावलीत हे सूत्र ग्रंथाच्या आरंभीच येते आणि शिकणाऱ्याची तिथेच दमछाक होते. शब्दांचा हा कीस वाटतो खरा. पण एका रुग्णाच्या पाच-सहा गोळ्यांचा हिशेब लावायचा तर नेमकी हीच घडण लागते: अमुक नसेल तर तमुक चालेल, मात्र तिसरे काही असेल तर नाही.

कोडीनच्या प्रकरणात नैयायिक जिंकतात, असे म्हणायला हरकत नाही. ॲबिराटेरोनमुळे कोडीनच्या रेणूत एका अणूचाही फरक पडत नाही. मेंदूतले ग्राहीही जसेच्या तसे असतात. बदलते ती वाट. ‘कोडीनची वेदनाशामक शक्ती’ या शब्दांनी सोयीसाठी ज्याचा निर्देश होतो, ती कोडीन, चालू विकर, मोकळे ग्राही आणि अडवणाऱ्याचा अभाव यांची मोट आहे. न्यायातला आणखी एक बारकावा इथे उपयोगी पडतो. कुऱ्हाडीने झाड तुटते तेव्हा कुऱ्हाड हे करण, म्हणजे साधन, आणि कुऱ्हाडीचा लाकडाशी संयोग हा तिचा व्यापार. करणापासून उपजलेला आणि करणाचेच कार्य उपजवणारा. कोडीन हे करण धरले तर मॉर्फिन हा त्याचा व्यापार ठरतो. व्यापार घडलाच नाही तर हातात उरते ती भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड. म्हणून ॲबिराटेरोन घेणाऱ्याला अनेकदा कुऱ्हाडच बदलून देतात. मॉर्फिन थेट दिले की सीवायपी२डी६चा प्रश्नच उरत नाही, कारण मॉर्फिनला त्या विकराची गरज लागत नाही. उत्तेजक मणी शोधण्याच्या फंदात वैद्यक सहसा पडत नाही. दोन गोळ्यांचे भांडण सोडवायला तिसरी घालावी, तर तिची चौथीशी कुरबूर सुरू होते.

मीमांसकांना सर्वस्वी मोडीत काढता येत नाही, हे दुसऱ्या गाठीत दिसते. एन्झालुटामाइडची कामाची रीत वेगळी आहे. ते विकर दाबत नाही, वाढवते. सीवायपी३ए४ नावाचे जे विकर फेंटानिल आणि ऑक्सिकोडोन यांची शरीरात विल्हेवाट लावते, ते या औषधाने जास्त प्रमाणात तयार होऊ लागते. परिणामी वेदनाशामक नेहमीपेक्षा लवकर नाहीसे होते आणि रक्तातली त्याची पातळी उतरते. अग्नी समोर आहे आणि फक्त जाळत नाही, असे इथे होत नाही. अग्नीच विझत चाललेला असतो. मणी आला की वस्तूतूनच काहीतरी उणे होते, हे मीमांसकांचे म्हणणे या ठिकाणी शब्दशः नसले तरी बरेच जवळ जाते. फरक एवढाच की उणे होणारी गोष्ट अदृश्य शक्ती नव्हे, रक्ताच्या थेंबात मोजता येणारे द्रव्य आहे. आणि हे एका दिवसात होत नाही. एन्झालुटामाइडचे अर्धे प्रमाण शरीरातून जायला सरासरी पावणेसहा दिवस लागतात. रोज घेत राहिल्यावर त्याची पातळी स्थिरावायला महिनाभर जातो. त्यामुळे आज सुरू केलेल्या गोळीचा परिणाम तीन आठवड्यांनी दुखणे वाढल्याच्या रूपात दिसतो, आणि तोवर दोघांचा संबंध कोणाच्या ध्यानात राहत नाही. कारण आणि कार्य यांच्यामध्ये काळ जितका जास्त, तितकी अन्वयव्यतिरेकाची, म्हणजे असण्या-नसण्याची, कसोटी लावणे कठीण. ‘रोगच वाढला असेल’ हा निष्कर्ष मग सगळ्यांनाच सोपा वाटतो, आणि कधी तो खराही असतो.

तिसऱ्या गाठीत तर औषधे एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिले जाणारे टॅमसुलोसिन, नेहमीची मात्रा ०.४ मिलिग्रॅम, मूत्राशयाच्या तोंडाचे आणि ग्रंथीचे स्नायू सैल करते. लघवीची धार मोकळी होते. अफूवर्गातली औषधे नेमके उलटे करतात. मूत्राशय भरल्याची जाणीव ती बोथट करतात, त्याचे आकुंचन मंदावतात आणि तोंड आवळतात. ज्याची लघवी आधीच अडखळत होती त्याची ती तुंबते आणि रात्रीअपरात्री नळी घालावी लागते. एक औषध दार उघडत असते आणि दुसरे ते लावत असते. दोघांची भेट ना यकृतात होते ना रक्तात, ती होते फक्त दारावर. एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत असते. उठून उभे राहताना रक्तदाब उतरवण्याची खोड दोघांनाही आहे, आणि अफूवर्गाची गुंगी त्यात भर घालते. पहाटे लघवीसाठी उठलेला वृद्ध मोरीच्या दाराशी कोसळतो, तेव्हा त्या पडण्यात दोन्ही गोळ्यांचा वाटा असू शकतो.

काही औषधे एकमेकांची वाट बदलतात, काही फक्त परिणामात भेटतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, अशा दोन तऱ्हांसाठी भेद केलेला आहे. काही मिश्रणांचे कार्य घटकांच्या कार्यांवरून ताडता येते. पांढऱ्या धाग्यांचे कापड पांढरे व्हावे तसे. त्याला प्रकृतिसमसमवाय म्हणतात. काही मिश्रणांत घटकांत नसलेले काही उपजते. हळदीत चुना पडला की येणारा तांबडा रंग ना हळदीत असतो ना चुन्यात. हा विकृतिविषमसमवाय. (विड्याच्या लाल रंगाचे असेच उदाहरण चार्वाकांच्या नावावर आहे, जड भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते हे सांगण्यासाठी ते वापरले जाई.) टॅमसुलोसिन आणि मॉर्फिन यांनी मिळून रक्तदाब उतरणे पहिल्या जातीचे. एन्झालुटामाइडमुळे क्वचित झटके येऊ शकतात, ट्रॅमाडॉलनेही येऊ शकतात, आणि दोन्ही एकत्र आली की धोका वाढतो. हेही पहिल्याच जातीचे. कोडीन आणि ॲबिराटेरोनची गोष्ट दुसरीच्या जवळ जाते. दोन्ही औषधांची माहितीपत्रके वेगवेगळी वाचून, मधले विकर ठाऊक नसेल, तर निकाल सांगता येत नाही.

त्याच अध्यायात आहाराचा परिणाम ठरवणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्यांतली शेवटची ‘उपयोक्ता’, म्हणजे खाणारा स्वतः. जनुकांचे ज्ञान आल्यापासून या शब्दाला नवी धार आली आहे. काही माणसांत सीवायपी२डी६ जन्मतःच जवळजवळ निकामी असते. त्यांच्या बाबतीत कोडीन पहिल्या दिवसापासूनच अपुरे. कोणत्याही मण्याची गरज नाही. काहींत ते इतके तडफदार असते की साध्या मात्रेतूनही धोकादायक प्रमाणात मॉर्फिन तयार होते. अशा मुलांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये असे बजावले. आठांतली आणखी एक गोष्ट ‘उपयोगसंस्था’, म्हणजे घेण्याचे नियम. ॲबिराटेरोनची जी पहिली गोळी बाजारात आली ती उपाशीपोटी घ्यायची असते. भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतली तर शरीरात शोषले जाणारे प्रमाण दहापटीपर्यंत वाढू शकते.

मूत्रपिंडाचा संबंध याहून आडवळणाचा आहे. मॉर्फिनला सीवायपी विकरे लागत नसली तरी त्याचे यकृतात जे रूपांतर होते ते लघवीवाटे बाहेर पडायचे असते, आणि त्यातले एक रूप स्वतःच प्रबळ वेदनाशामक आहे. प्रोस्टेटने लघवी फार काळ अडवून धरली तर मूत्रपिंडांवर ताण येऊन ती मंदावतात. मग ते रूप शरीरात साठते आणि कालपर्यंत झेपणारी मात्रा आज गुंगी आणते, श्वास मंदावते. इथे दुसरे औषधच नाही. ग्रंथीने स्वतःच मण्याचे, खरे तर उलट्या मण्याचे, काम केलेले असते.

इतके सगळे कारणसामग्रीत घातल्यावर एक आक्षेप उभा राहतो. सगळेच कारण असेल तर कोणाकडेच बोट दाखवता येत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. एखादा माणूस एक पदार्थ खाऊन मेला तर लोक त्या पदार्थाला कारण म्हणतात. खरे तर त्याची प्रकृती, त्या वेळची तब्येत, कदाचित हवासुद्धा कारणांत मोडते, आणि त्यांतले एकच निवडण्याचा तात्त्विक अधिकार कोणाला नाही. मिलचे म्हणणे बिनतोड आहे, पण दवाखान्यात ते पुरत नाही. तिथे काहीतरी बदलायचे असते आणि जे बदलता येते तिकडेच बोट जाते. उदयनांनी याबाबत एक सूक्ष्म वाक्यरचना केली आहे. सामग्री अपुरी पडणे हाच प्रतिबंध. मणी म्हणजे तो प्रतिबंध होय, आणि प्रतिबंधक म्हणावे ते मणी आणून ठेवणाऱ्याला. जबाबदारीची चर्चा त्यांच्या मनात नसावी. तरीही दोन वेगवेगळ्या विभागांतल्या डॉक्टरांनी, एकमेकांच्या चिठ्ठ्या न पाहता, एकाच माणसाला कोडीन आणि ॲबिराटेरोन लिहून दिले, तर प्रतिबंधक कोण, हे या वाक्यरचनेत चपखल सांगता येते. मण्याकडे हेतू नसतो, ठेवणाऱ्याला निदान डोळे असतात.

उरतो तो तिसरा वाद, वेदना कळण्याचा. ‘गोळी लागू पडत नाही’ असे रुग्ण सांगतो, त्याचे प्रमाण काय? न्यायमते सुखदुःख हे आत्म्याचे गुण असून ज्याचे त्यालाच मनाने प्रत्यक्ष होतात. इतरांच्या हाती अनुमान आणि शब्द एवढेच. चेहरा आक्रसतो, झोप उडते, नाडी वाढते, ही लिंगे, म्हणजे अनुमानाच्या खुणा, झाली. पण महिनोन्‌महिने दुखणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ती दिसतीलच असे नाही; मग शब्द उरतो. शब्द प्रमाण व्हायला सांगणारा आप्त हवा. वात्स्यायनांच्या न्यायभाष्यात आप्ताचे लक्षण दिले आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते. स्वतःच्या वेदनेबाबत रुग्णाहून अधिक साक्षात ज्ञान कोणालाच नाही, म्हणजे लक्षणाची पहिली अट तो आपोआप पुरी करतो.

संशय येतो तो दुसऱ्या अटीविषयी. अफूवर्गाच्या औषधांची सवय लागते, ती खोटे बोलायला लावते, हे खरे आहे; भारतात ट्रॅमाडॉलही एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले ते दुरुपयोगामुळेच. म्हणून मात्रा वाढवून मागणाऱ्याकडे औषधाच्या दुकानात आणि वॉर्डातही बारीक नजरेने पाहिले जाते. पण प्रोस्टेटच्या कर्करोगाचा रुग्ण नवी गोळी सुरू झाल्यानंतर जास्त औषध मागू लागला, तर त्याची नियत तपासण्याआधी त्याच्या गोळ्यांची यादी तपासणे हा तर्काचाच भाग आहे. न्यायातल्या हेत्वाभासांत, म्हणजे फसव्या हेतूंत, सव्यभिचार नावाचा दोष सांगितला आहे. जो हेतू साध्य असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही. ‘तो जास्त मागतो’ हा असाच हेतू. व्यसनी जास्त मागतो, आणि ज्याच्या कोडीनचे मॉर्फिन होत नाही तोही. एवढ्यावरून व्यसन सिद्ध करणारा परीक्षक मोलिएरच्या परीक्षकांहून फारसा वेगळा नाही.

नैयायिकांना मीमांसकांनी विचारलेला एक प्रश्न शेवटी उरतो. प्रतिबंधकाचा अभाव कारण म्हणता, पण कोणता अभाव? मणी येण्यापूर्वीचा प्रागभाव, की तो नष्ट झाल्यानंतरचा ध्वंस? नैयायिकांनी उत्तर दिले की भेद करण्याची गरज नाही. संसर्गाभाव, म्हणजे मणी तिथे नसणे, म्हणून दोन्ही सारखेच कारण आहेत. अग्नीपुरते हे ठीक. औषधांच्या बाबतीत दोन्ही अभाव सारखे नाहीत, आणि इथे न्यायाचे सूत्र तोकडे पडते. एन्झालुटामाइड सुरू होण्यापूर्वी रुग्ण फेंटानिलच्या लहान मात्रेवर होता. ते सुरू झाल्यावर दुखणे उफाळले म्हणून मात्रा वाढवत नेली. मग रोग बधेना म्हणून एन्झालुटामाइड बंद केले. पुढच्या काही आठवड्यांत विकर हळूहळू मूळ पातळीवर येते आणि फेंटानिल पूर्वीसारखे रक्तात टिकू लागते. पण मात्रा मात्र वाढवलेलीच राहिलेली असते. या आठवड्यांत वेदनाशामकाची मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते आणि रुग्णाच्या झोपेवर व श्वासावर घरच्यांनी लक्ष ठेवावे लागते.